निवाडा चुकलाय हे मान्य, तरी रद्द नाही: एन्रॉन, अर्जेंटिना आणि गुंतवणूक लवाद

खाडीकाठ

एन्रॉन म्हटलं की आपल्याला गुहागर, अंजनवेल आणि वीज मंडळाची थकलेली बिलं आठवतात. त्याच एन्रॉनचे पैसे अर्जेंटिनातही अडकले होते. तिथला वाद वॉशिंग्टनला, परदेशी गुंतवणूकदार आणि सरकारं यांच्यातले वाद सोडवणाऱ्या, जागतिक बँकेच्या छत्राखालच्या 'इक्सिड' या केंद्रात लढला गेला. मे २००७ मध्ये एन्रॉन जिंकली आणि जुलै २०१० मध्ये त्या निवाड्यातली भरपाई रद्द झाली. याच प्रकारची आणखी दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचली आणि अस्वस्थ झालो, म्हणून हा धागा.

आधी पार्श्वभूमी. अर्जेंटिनाने १९९१ मध्ये कायदा करून एक पेसो म्हणजे एक डॉलर असा दर बांधून टाकला. पुढच्या वर्षी सरकारी गॅस कंपनी मोडून वाहतुकीच्या दोन आणि वितरणाच्या आठ कंपन्या केल्या. परदेशी पैसा यावा म्हणून शब्द दिला की गॅसचे दर डॉलरमध्ये ठरतील, बिल करताना पेसोत बदलतील आणि दर सहा महिन्यांनी अमेरिकेतल्या उत्पादक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढतील. म्हणजे ब्यूनोस आयर्समधल्या घरी शेगडी पेटवायला काय पडणार हे अमेरिकेतली महागाई ठरवणार! या शब्दावर विसंबून उत्तरेच्या वाहतूक कंपनीत सीएमएस या अमेरिकी कंपनीने पैसे घातले, दक्षिणेच्या कंपनीत एन्रॉनने, तर वितरणात सेम्प्रा आणि एलजी अँड ई या अमेरिकी कंपन्या आल्या.

२००१ च्या डिसेंबरात सगळं कोसळलं. बँकेतून स्वतःचे पैसे काढायला मर्यादा आली, लोक पातेली वाजवत रस्त्यावर उतरले, दंगलीत आणि पोलीस कारवाईत तीसहून अधिक माणसं गेली. अध्यक्ष दे ला रुआ २० डिसेंबरला राजीनामा देऊन हेलिकॉप्टरने निघून गेले. ६ जानेवारी २००२ च्या आणीबाणी कायद्याने डॉलरमधले दर संपवले आणि एका डॉलरला एक पेसो धरून ते गोठवले. बाजारात मात्र काही महिन्यांत डॉलरला तीन पेसोंहून जास्त मोजावे लागू लागले. कंपन्यांचं डॉलरमधलं उत्पन्न किती घसरलं असेल ते यावरून कळेल. त्याच वर्षी अर्जेंटिनाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या दारिद्र्यरेषेखाली होती.

कंपन्यांनी अमेरिका-अर्जेंटिना गुंतवणूक करारावर बोट ठेवलं. अर्जेंटिनाने त्याच करारातलं कलम ११ दाखवलं: सार्वजनिक सुव्यवस्था टिकवायला किंवा देशाच्या अत्यावश्यक सुरक्षाहितासाठी जे उपाय करावे लागतील त्यांना हा करार आड येणार नाही.

निकाल असे लागले. सीएमएसला २००५ मध्ये १३ कोटी ३२ लाख डॉलर. एन्रॉनला १० कोटी ६२ लाख. सेम्प्राला सप्टेंबर २००७ मध्ये सुमारे १२ कोटी ८० लाख. तिन्ही लवादांचे अध्यक्ष एकच, चिलीचे फ्रान्सिस्को ओरेगो विकुन्या. अर्जेंटिनाचा बचाव तिन्हींनी फेटाळला. याउलट एलजी अँड ईच्या लवादाने २००६ मध्ये सांगितलं की १ डिसेंबर २००१ ते २६ एप्रिल २००३ या काळात देश खरोखर संकटात होता आणि त्या काळापुरती भरपाई नाही. तेच संकट, तोच करार, तेच कलम.

आता मुख्य मुद्दा. तिन्ही निवाडे रद्द करून घ्यायला अर्जेंटिना गेली. असा अर्ज तीन जणांची समिती ऐकते. सीएमएस प्रकरणात तिचे अध्यक्ष होते आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे माजी अध्यक्ष गिल्बेर गियोम, सोबत नबील एल-अरबी आणि जेम्स क्रॉफर्ड. सप्टेंबर २००७ च्या निर्णयात समितीने लवादाची चूक स्पष्ट शब्दांत मांडली. कलम ११ लागू झालं तर कराराचा भंग झालेलाच नसतो. आंतरराष्ट्रीय कायद्यातली 'निरुपाय' ही सबब वेगळी: भंग झाल्यावर ती द्यायची, आणि तिच्या अटी कडक. दुसरा मार्गच नव्हता हे दाखवावं लागतं, संकटाला आपला हातभार नव्हता हेही. लवादाने दोन्हींची सरमिसळ केली आणि एक नाही म्हणून दुसरंही नाही असं ठरवलं. समिती पुढे म्हणते, आम्ही अपील न्यायालय असतो तर या मुद्द्यावर निवाड्याचा फेरविचार करावा लागला असता. पण आम्ही ते नाही. लवादाने कलम ११ त्रोटक आणि सदोष रीतीने का होईना, लावलं. त्यामुळे अधिकार ओलांडला असं म्हणता येत नाही. निवाड्याचा एक भाग कारणमीमांसा नाही म्हणून रद्द झाला, पण रकमेतला एक डॉलरही कमी झाला नाही.

तीन वर्षांनी, जून २०१० मध्ये, सेम्प्राच्या समितीपुढे जवळपास तशीच कारणमीमांसा आली. तिने सांगितलं की लवादाने कलम ११ लावलंच नाही, हा अधिकाराचा उघड अतिरेक आहे, आणि निवाडा संपूर्ण रद्द केला. महिन्याभराने एन्रॉनच्या निवाड्यातलाही भरपाईचा भाग रद्द झाला.

एका देशाने एकाच चुकीसाठी एकदा पैसे द्यायचे आणि एकदा नाही, हे मला कोणत्याही तर्काने पटत नाही. तुमची मतं वाचायला आवडतील, विशेषतः वकील मंडळींची.

---

रेवा_स

सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. दोन बाळबोध प्रश्न. अपील का नाही? आणि ही समिती नेमतं कोण?

---

खाडीकाठ

रेवा, अजिबात बाळबोध नाहीत. इक्सिडचा करार १९६५ चा. त्याच्या कलम ५३ मध्येच लिहिलंय की निवाडा बंधनकारक, अपील नाही. सदस्य देशांतल्या न्यायालयांनाही तो उघडून बघता येत नाही, आपल्या देशातला अंतिम निकाल समजून पैशाची वसुली करून द्यायची एवढंच त्यांचं काम.

निवाडा रद्द करून घ्यायची एकच खिडकी, कलम ५२. कारणं पाच. लवाद नीट गठित झाला नव्हता, लवादाने अधिकार उघडपणे ओलांडले, एखाद्या सदस्याने लाच खाल्ली, कार्यपद्धतीचा मूलभूत नियम गंभीरपणे मोडला, किंवा निवाड्याला कारणं दिली नाहीत. अर्ज साधारणपणे १२० दिवसांत करायचा. मग तीन जणांची समिती नेमली जाते, ती त्या एका प्रकरणापुरतीच. इक्सिडच्या प्रशासकीय परिषदेचा अध्यक्ष तिची नेमणूक करतो आणि तो अध्यक्ष म्हणजे पदसिद्ध जागतिक बँकेचा अध्यक्ष. पक्षकारांना निवडीचा हक्क नाही.

'कायदा चुकीचा लावला' हे कारण यादीत नाही. सगळी मेख तिथेच आहे.

---

अ‍ॅड_मंदार

लवादाची कामं रोज करतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो.

यादीत ते कारण नाही हे विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. आपल्याच १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ३४ बघा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर 'निवाड्यात उघड बेकायदेशीरपणा' हे कारण देशांतर्गत निवाड्यांना लागू आहे, भारतात झालेल्या आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाला नाही. आणि देशांतर्गत निवाड्यातसुद्धा केवळ कायदा चुकीचा लावला म्हणून तो रद्द करता येत नाही, असं कलमातच स्पष्ट लिहिलंय. दोन्ही पक्ष लवादाकडे जातात ते वाद एकदाचा मिटावा म्हणून. 'निकाल चुकला' हे हरलेला प्रत्येक पक्षकार म्हणतो. ते दार उघडलं की लवाद म्हणजे जिल्हा न्यायालयाची आणखी एक पायरी होते.

इक्सिडमध्ये हे एकदा घडून गेलंय. खतकारखान्याच्या वादात क्लॉकनर विरुद्ध कॅमेरून या प्रकरणाचा निवाडा १९८५ मध्ये रद्द झाला. जकार्तातल्या हॉटेलवरून झालेल्या अ‍ॅम्को विरुद्ध इंडोनेशिया प्रकरणाचा १९८६ मध्ये. दोन्ही समित्यांनी निवाड्याची कारणमीमांसा भिंगाखाली घातली. निवाडा रद्द झाला की कलम ५२ प्रमाणे वाद पुन्हा नव्या लवादापुढे नेता येतो. दोन्ही प्रकरणं तशी गेली, नवे निवाडे झाले, त्यांच्यावरही रद्द करण्याचे अर्ज आले आणि १९९० च्या दशकापर्यंत ते चाललं. तेव्हा अनेकांनी म्हटलं होतं की ही व्यवस्थाच कोलमडेल. गियोम यांच्या समितीने जो संयम दाखवला त्यामागे हा इतिहास आहे. चूक दिसत असूनही अधिकार नाही म्हणून हात आवरणं, मला तरी त्यात न्यायाधीशाची शिस्त दिसते.

---

खाडीकाठ

मंदारसाहेब, शिस्तीबद्दल मलाही आदर आहे. पण त्या समितीत क्रॉफर्ड होते हे लक्षात घ्या. राष्ट्रांच्या जबाबदारीचे जे नियम आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००१ मध्ये पूर्ण केले, त्या कामाचे तेव्हाचे विशेष प्रतिवेदक तेच. 'निरुपाय' सबबीचं कलम २५ त्यातलंच. त्या कलमाबद्दल जगात ज्यांचा शब्द सगळ्यात वजनदार, त्यांच्याच समोर त्याचा चुकीचा वापर आला, त्यांनी तो चुकीचा असल्याचं लिहूनही दिलं आणि १३ कोटी डॉलरचा बोजा तसाच राहिला. दोन खासगी कंपन्यांमधल्या करारात मी तुमचं म्हणणं मान्य करेन. त्यांनी आपल्या मर्जीने लवाद निवडला, चुकीचा धोका पत्करला. इथे पैसे भरणार त्या देशाचे करदाते, आणि प्रश्न आहे की संकटात सापडलेल्या सरकारने काय करायला हवं होतं. हा सार्वजनिक कायद्याचा प्रश्न आहे.

शिवाय शिस्त सगळ्यांनी पाळली तर ती शिस्त. सेम्प्राच्या समितीने ती पाळली नाही असं तुम्हीच म्हणाल ना?

---

अ‍ॅड_मंदार

हो, तसं म्हणेन. सेम्प्राचा निर्णय मला चुकीचा वाटतो. लवादाने कलम ११ वर परिच्छेदच्या परिच्छेद लिहिलेत. ते चुकीचे असतील, पण 'लावलंच नाही' हे ओढूनताणून आहे. कायद्याच्या चुकीला 'अधिकाराचा अतिरेक' असं नाव दिलं की अपील मागच्या दाराने आत येतं.

एन्रॉनचं मात्र वेगळं आहे आणि ते तुम्ही फार लवकर उरकलंत. गॅव्हन ग्रिफिथ, पॅट्रिक रॉबिन्सन आणि पेर ट्रेसेल्ट यांच्या समितीने नेमकी जागा पकडली. कलम २५ विचारतं की जे केलं तो 'एकमेव मार्ग' होता का. याचा अर्थ लावणं कायद्याचं काम आहे. अगदी अक्षरशः दुसरा कुठलाही मार्ग नको, की तितकाच परिणामकारक आणि कमी नुकसान करणारा दुसरा मार्ग नको? आणि ते कोणी ठरवायचं, कोणत्या क्षणाच्या माहितीवर? लवादाने यातल्या कशालाच हात घातला नाही. एका अर्थतज्ज्ञाच्या अहवालात दुसरे आर्थिक पर्याय उपलब्ध होते असं होतं, ते वाचून 'एकमेव मार्ग नव्हता' असा निष्कर्ष काढला. समिती म्हणाली, इथे कायदा लावलेलाच नाही, कायद्याच्या जागी अर्थतज्ज्ञाचं मत बसवलंय. संकटाला अर्जेंटिनाचा हातभार होता का, या मुद्द्यावरही तोच आक्षेप. हे मला पाचातल्या कारणांत बसणारं वाटतं. चुकीचं उत्तर देणं आणि प्रश्नच न विचारणं, यात फरक आहे.

---

खाडीकाठ

हा फरक मला मान्य आहे, आणि एन्रॉनबद्दल तुम्ही नेमकं लिहिलंत. पण हा फरक इतका बारीक आहे की त्याच्या अलीकडे पडायचं की पलीकडे, हे समितीत कोण तीन जण बसलेत यावर ठरतं. माझं दुखणं तेच आहे.

---

दूरदेशी

मी स्पेनमध्ये असते, म्हणून इथलं एक उदाहरण. सौरऊर्जेला दिलेली सवलत स्पेनने मागे घेतली आणि गुंतवणूकदारांच्या दाव्यांची रांग लागली. त्यात आयझर या कंपनीला २०१७ मध्ये १२ कोटी ८० लाख युरो मिळाले. जून २०२० मध्ये तो निवाडा पूर्ण रद्द झाला, पण कारण वेगळंच. आयझरने नेमलेले लवाद सदस्य इतर प्रकरणांत वकील म्हणून काम करत आणि तिथे ज्या सल्लागार संस्थेचे तज्ज्ञ त्यांच्या बाजूने असत, त्याच संस्थेचे तज्ज्ञ इथे आयझरच्या बाजूने साक्ष देत होते. हे त्यांनी उघड केलं नव्हतं. समितीने म्हटलं की लवाद नीट गठित झालेला नव्हता आणि कार्यपद्धतीचा मूलभूत नियम मोडला.

एकच माणूस सकाळी वकील आणि दुपारी न्यायाधीश, हे या क्षेत्रात वर्षानुवर्षं चाललंय. कायद्याच्या बारकाव्यांपेक्षा मला हे जास्त गंभीर वाटतं.

---

अ‍ॅड_मंदार

दूरदेशी, शंभर टक्के सहमत. याच्याच जोडीला व्हिवेंडी या फ्रेंच कंपनीचं प्रकरण वाचा. अर्जेंटिनातल्या तुकुमान प्रांतातल्या पाणीपुरवठ्याचा वाद, १९९७ मध्ये नोंदलेला. पहिला निवाडा २००० चा, तो २००२ मध्ये अंशतः रद्द. दुसऱ्या लवादाने २००७ मध्ये १० कोटी ५० लाख डॉलर दिले. मग कळलं की एक सदस्य दरम्यान ज्या बँकेच्या संचालक मंडळावर गेल्या, त्या बँकेकडे व्हिवेंडीचे शेअर होते. २०१० मध्ये समितीने त्यांच्यावर कडक टीका केली, पण इतक्या वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं अन्यायाचं होईल म्हणून निवाडा राहू दिला.

---

नचिकेत_ग

भारत यात कुठे बसतो? केर्न आणि व्होडाफोन इक्सिडमध्ये होते का?

---

अ‍ॅड_मंदार

नाही. भारत इक्सिडचा सदस्यच नाही, त्यामुळे कलम ५२ आपल्याला लागू नाही. आपल्याविरुद्धचे दावे बहुतेक करून अनसिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या नियमांनी चालतात आणि लवादाचं 'आसन', म्हणजे त्याचं कायदेशीर ठिकाण, ज्या देशात, तिथल्या न्यायालयात निवाडा रद्द करायला जावं लागतं. व्होडाफोनचा सप्टेंबर २०२० चा निवाडा आपल्याविरुद्ध गेला तेव्हा भारत सिंगापूरच्या न्यायालयात गेला. केर्नचा डिसेंबर २०२० चा, सुमारे १२० कोटी डॉलरचा, त्यासाठी नेदरलँड्सला. पुढे केर्नने पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्तांवर जप्तीचे आदेश मिळवले. ऑगस्ट २०२१ मध्ये भारताने या दोन्ही वादांच्या मुळाशी असलेली पूर्वलक्षी कराची तरतूदच मागे घेतली, केर्नला सुमारे ७,९०० कोटी रुपये परत करायचे ठरले आणि दावे निकाली निघाले. म्हणजे त्या न्यायालयांनी काय ठरवलं असतं हे कधी कळलंच नाही. इस्रोच्या अँट्रिक्सशी करार केलेल्या देवास या कंपनीशी जोडलेल्या डॉइश टेलिकॉम प्रकरणात मात्र आसन जिनिव्हा होतं आणि स्विस सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये भारताचा अर्ज फेटाळला.

न्यायालयांकडे गेलं की एकवाक्यता येते असंही समजू नका. युकोस या रशियन तेल कंपनीच्या भागधारकांचे ५,००० कोटी डॉलरचे निवाडे २०१४ चे. हेगच्या जिल्हा न्यायालयाने २०१६ मध्ये रद्द केले, अपील न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा जिवंत केले, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका मुद्द्यावर परत पाठवले, २०२४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या न्यायालयाने रशियाचा अर्ज फेटाळला.

---

वेलदूरची_वाट

मूळ गुहागरचा, म्हणून दाभोळबद्दल. प्रकल्प बंद पडला आणि २००१ च्या डिसेंबरात एन्रॉनचंच दिवाळं वाजलं, तरी बेक्टेल आणि जीई हे भागीदार होतेच. त्यांनी मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावाने भारत-मॉरिशस गुंतवणूक कराराखाली दावे केले. २००५ मध्ये तडजोड झाली आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे गेला. आमच्याकडे धरणे-मोर्चे, अटका, जमिनी यावर खूप बोललं जातं, पण सरकारविरुद्ध परदेशी लवादात काय चाललं होतं हे गावात कुणाला कधी सांगितलं गेलं नाही. खाडीकाठ म्हणतात तो करदात्याचा मुद्दा मला म्हणूनच लागतो. ज्याच्या खिशातून जाणार त्याला सुनावणीची तारीखही माहीत नसते.

---

रेवा_स

शेवटी अर्जेंटिनाने पैसे दिले का? रद्द करण्याचा अर्ज केला की वसुली थांबते का?

---

खाडीकाठ

स्थगिती मागता येते. सीएमएसमध्ये ती अनामत न घेता मिळाली. सेम्प्रामध्ये समितीने साडेसात कोटी डॉलर तिसऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात ठेवायला सांगितले, अर्जेंटिनाने ठेवले नाहीत, म्हणून २००९ मध्ये स्थगिती उठवली. आणि पुढच्या वर्षी निवाडाच रद्द झाला! अर्जेंटिनाने ती रक्कम भरली असती तर ती परत मिळायला काय करावं लागलं असतं, कुणास ठाऊक.

सीएमएसचा निवाडा कायम राहिला, पण अर्जेंटिना पैसे देईना. कंपनीने तो निवाडा ब्लू रिज नावाच्या गुंतवणूक संस्थेला विकून टाकला. २०१२ मध्ये अमेरिकेने थकलेल्या निवाड्यांचं कारण देऊन अर्जेंटिनाच्या मालाला असलेली आयात करातली सवलत काढली. शेवटी ऑक्टोबर २०१३ मध्ये सीएमएस, व्हिवेंडी यांच्यासह पाच निवाड्यांचा हिशेब अर्जेंटिनाने सवलतीने, रोख्यांच्या रूपात मिटवला. म्हणजे ज्या निवाड्यात चूक असल्याचं तीन नामवंत कायदेतज्ज्ञांनी लिहून दिलं होतं, त्याचेही पैसे दिले गेले, आणि तेही मूळ गुंतवणूकदाराला नव्हे.

---

नचिकेत_ग

मग उपाय काय? कायमस्वरूपी अपील न्यायालय?

---

खाडीकाठ

हो, माझं मत तेच आहे. युरोपीय संघ आणि कॅनडा यांच्या करारात अपिलाची सोय असलेली गुंतवणूक न्यायालयाची रचना लिहिलेली आहे. अनसिट्रालच्या तिसऱ्या कार्यगटात अशा यंत्रणेवर २०१७ पासून वाटाघाटी चालू आहेत. नेमलेले, पगारी, इतर कुठे वकिली न करणारे न्यायाधीश, आणि कायद्याची चूक सुधारायचा स्पष्ट अधिकार. दूरदेशींनी मांडलेला प्रश्नही त्यात बराचसा सुटतो.

ऑक्सिडेंटल ही तेल कंपनी विरुद्ध इक्वेडोर या प्रकरणात समितीने २०१५ मध्ये काय केलं ते बघा. कंपनीने प्रकल्पातला ४० टक्के हिस्सा आधीच दुसऱ्याला देऊन टाकला होता, तरी लवादाने पूर्ण नुकसानभरपाई दिली होती. समितीने तेवढाच भाग रद्द करून १७७ कोटी डॉलरचे १०६ कोटी केले आणि प्रकरण संपवलं. नवा लवाद नाही, आणखी दहा वर्षं नाहीत. चूक सापडली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची सोय हवी, एवढंच माझं मागणं आहे.

---

अ‍ॅड_मंदार

केवळ कायद्याच्या प्रश्नावर, तेही एकदाच, आणि ठरलेल्या मुदतीत निकाल, एवढं बंधन असेल तर मी विरोध करणार नाही. पण अपील करणाऱ्या सरकारने रक्कम आधी जमा केली पाहिजे. नाहीतर प्रत्येक सरकार केवळ वेळ काढायला अपील करेल, आणि हे मी आपल्याकडच्या सरकारी खात्यांच्या कलम ३४ च्या अर्जांमध्ये नेहमी बघतो.

---

खाडीकाठ

अट न्याय्य आहे. फक्त देशातल्या बँकाच बंद पडायची वेळ आलेली असेल, २००२ च्या अर्जेंटिनासारखी, तर किती जमा करायचं हे ठरवायचा अधिकार अपील न्यायालयाला असावा. सरसकट पूर्ण रक्कम मागितली तर ज्याला अपिलाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ते करता येणार नाही.